रानउंदरिणीच्या सात फेऱ्या

फार पूर्वी, विंध्याच्या दक्षिण उतारावरच्या शालवती नगरीत वीरदत्त राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व नगराबाहेरच्या अरण्यात खणणाऱ्यांच्या एका कुळात जन्माला आला. रानउंदरांची बिळे उकरायची, त्यांनी साठवलेले दाणे काढून आणायचे आणि त्यावर गुजराण करायची, हा त्या कुळाचा पिढीजात उद्योग होता. नगरात त्यांना घर बांधू देत नसत. बोधिसत्त्वाचे नाव रोहक होते, आणि त्याच्या बायकोचे सामली.

त्या अरण्यातला रानउंदीर घरातल्या उंदरासारखा नसतो. त्याची पाठ वाळलेल्या पानाच्या रंगाची, पोट पांढरे, डोळे टपोरे आणि शेपूट अंगाहून लांब. तो झाडाच्या मुळाखाली बीळ करतो. आत शिरताच वाट एकदा वळते, मग पुन्हा वळते, म्हणजे सापाला सरळ आत येता येत नाही. पुढे निजायची खोली असते, तिच्या खाली दाण्यांचे कोठार, आणि पलीकडे एक मागचे दार. त्या दारावर तो मातीचा पातळ पापुद्रा ठेवतो आणि वेळ आली की डोक्याने फोडून पळतो. हे सारे रोहकाला आपल्या झोपडीइतके माहीत होते. त्याच्या कुळाचे नियमही थोडे होते: कोठारातले अर्धेच घ्यायचे, पिल्ले असतील तर घरट्याला हात लावायचा नाही, आणि निघताना बिळाचे तोंड बुजवून द्यायचे.

एके काळी त्या राज्यात लागोपाठ दोन वर्षे पाऊस पडला नाही. दुसऱ्या वर्षीच्या वैशाखात राजाच्या कोठारात पंधरा दिवस पुरेल एवढेच धान्य उरले. कोठाराचा अधिकारी अनुविंद नावाचा पन्नाशीचा गृहस्थ होता. तो रोज सकाळी स्वतः दारात उभा राहून लोकांना धान्य वाटत असे. पूर्वी लोक त्याला नमस्कार करून जात. आता ते त्याच्या हातातल्या मापाकडे पाहत आणि नमस्कार करायचे विसरत. त्याचा त्याला राग येत नसे, पण रात्री झोपही येत नसे.

कोणीतरी राजाला सांगितले की अरण्यातल्या बिळांत दाण्यांचे साठे आहेत. राजाने अनुविंदाला बोलावून घेतले आणि म्हटले, "त्या खणणाऱ्याला बरोबर घे. अरण्यातले एकूण एक बीळ रिकामे करा. त्याने हे काम केले तर नदीकाठची जमीन त्याला दे आणि नगरात घर बांधायची मुभा दे."

अनुविंद चार सैनिक घेऊन रोहकाच्या झोपडीशी गेला. सामली दारात कंद किसत होती. तिने वर पाहिले आणि आत हाक मारली, "अहो, राजवाड्याची माणसं आलीत."

रोहक बाहेर आला. तो बारीक अंगाचा होता. त्याची नखे मातीने कायमची काळी झाली होती. अनुविंदाने राजाची आज्ञा सांगितली आणि जमिनीचेही सांगितले. सामलीचा हात किसता किसता थांबला.

रोहक म्हणाला, "बिळं दाखवतो, स्वामी. लोक उपाशी आहेत, तेव्हा नाही कसं म्हणू? पण अर्धंच काढीन."

"आज्ञा सगळं काढायची आहे."

"सगळं काढलं तर उंदीर मरतील. मग पुढच्या वर्षी आपण कुठे खणायचं?"

"पुढच्या वर्षापर्यंत कोण जगेल ते आधी बघू," अनुविंद म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. पण त्याला स्वतःचेच बोलणे कठोर वाटले, म्हणून तो पुढे म्हणाला, "चल तर खरा. अर्धं की सगळं, ते तिथे ठरवू."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते निघाले. अनुविंद याआधी अरण्यात कधी पायी गेला नव्हता. रोहक पुढे चाले, आणि कधी एखाद्या मुळाशी बसून कुरतडलेली टरफले दाखवी. "इथे बसून तो खातो. रोज हीच जागा. बिळात खात बसला तर वासाने मुंगूस येतं." कधी एखाद्या बिळापाशी थांबून तो नुसतेच नाही म्हणे, कारण तोंडावर कोळ्याचे जाळे असे, म्हणजे आत कोणी राहत नसे. सैनिकांना सगळी भोके सारखी दिसत होती. दुपारपर्यंत सात बिळे उघडली. दोन वर्षांच्या अवर्षणाने उंदरांची कोठारेही उणीच होती. कुठे बरटीचे, त्या बारीक रानधान्याचे, मूठभर दाणे, कुठे थोड्या चारोळ्या. प्रत्येक ठिकाणी रोहक अर्धे टोपलीत टाकी आणि अर्धे मागे सारी. ते मागे सारलेले दाणे सैनिक टक लावून पाहत.

त्यांच्यात बाहुक नावाचा एक सैनिक होता. त्याच्या म्हाताऱ्या बापाने नातवंडांना पुरावे म्हणून तीन दिवसांपासून जेवण सोडले होते. हे बाहुकाने कोणाला सांगितले नव्हते, पण अनुविंदाला ठाऊक होते, कारण म्हाताऱ्याचे माप घ्यायला बाहुकच कोठारावर येई आणि ते तिथेच नातवंडांच्या धान्यात मिसळी.

आठवे बीळ कड्याखालच्या एका जुन्या मोहाच्या मुळाशी होते. तोंडाशी ताजी माती होती आणि वाट पानांनी बुजवलेली होती. रोहक वाकून पाहू लागला, तोच बाहुक पुढे झाला. "तुझं अर्धं पुरे झालं," असे म्हणून त्याने कुदळ हाणली. निजायच्या खोलीचे छप्पर उडाले. आत सुकलेल्या गवताचा एक गोळा होता, आणि त्याच्या फाटलेल्या बाजूने सहा पिल्ले दिसली. त्यांचे डोळे अजून उघडले नव्हते. मादी उडी मारून मुळावर आली. बाहुकाने झेप घेऊन तिची शेपूट पकडली. ती एकदा वळवळली आणि निसटली. बाहुकाच्या बोटांत शेपटीचे कातडे तेवढे राहिले, मोजा काढावा तसे सबंध.

त्याने ते झटकून टाकले आणि पुन्हा कुदळ उचलली. एवढ्यात रोहकाने गुडघे टेकले होते आणि आपले दोन्ही तळहात घरट्यावर पालथे ठेवले होते.

"हात काढ," बाहुक म्हणाला.

"नाही काढत."

"माझा बाप मरायला टेकलाय, आणि तू उंदराची पिल्लं राखतोस?"

"तुझ्या बापासाठीच खणायला आलोय मी," रोहक म्हणाला. "कोठार खाली आहे. ते कुठे पळत नाही. तिला पिल्लं नेऊ दे, मग आपण खणू."

"आणि ती आलीच नाही तर?"

"येईल."

बाहुकाने अनुविंदाकडे पाहिले. बाकीच्या तिघांनीही पाहिले. अनुविंदाने 'मार' म्हटले असते तर बाहुकाने कुदळ घातली असती, आणि रोहकाने हात काढले नसते, हे त्याला स्पष्ट दिसत होते. राजाची आज्ञाही तेच सांगत होती. त्याने रोहकाच्या हातांकडे पाहिले. ते थरथरत होते. या माणसाला भीती वाटत नाही असे अनुविंदाला तोवर वाटत होते. ती त्याला वाटते आहे, हे पाहिल्यावर त्याचे मन बदलले.

"कुदळ खाली ठेव," तो म्हणाला. "थांबू आपण."

रोहकाने पळसाचे एक पान घरट्यावर सावलीसाठी आडवे धरले, कडेला दोन काटक्या टेकवल्या, आणि सगळ्यांना दहा पावले मागे नेले. ते जमिनीवर बसले. ऊन चढले होते.  एका सैनिकाच्या पोटातला आवाज सगळ्यांना ऐकू आला.

बराच वेळ गेल्यावर मादी आली. ती थेट आली नाही. एका दगडाआड थांबली, मग दुसऱ्या, मग धावत येऊन पानाखाली शिरली. बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात एक पिल्लू होते. तिने त्याला पोटापाशी धरले होते आणि ते आवळून गोल झाले होते. तिची शेपूट लाल, उघडी दिसत होती. ती कड्याच्या बाजूला धावली आणि खडकातल्या एका भेगेत दिसेनाशी झाली.

"ती शेपूट आता पुन्हा येईल का?" एका सैनिकाने विचारले.

"नाही. उघडं हाड सुकतं. एक-दोन दिवसांत ती स्वतःच कुरतडून टाकते," रोहक म्हणाला. "शेपूट तोल सांभाळायला लागते. आता तिला झाडावर चढणं जड जाईल."

बाहुक दुसरीकडे पाहत होता.

दुसरे पिल्लू गेले, तिसरे गेले. मग ती आलीच नाही. अनुविंदाने वर पाहिले. मोहाच्या निष्पर्ण फांदीवर एक शिक्रा येऊन बसला होता आणि मान वाकडी करून भेगेकडे बघत होता. रोहकालाही तो दिसला होता, पण तो हलला नाही. शिकारी पक्ष्याला हाकलणे हे त्याच्या नियमांत नव्हते. शिक्ऱ्यालाही पिल्ले असतात, असे तो मागून एकदा म्हणाला. तेवढ्यात एक दगड सणसणत गेला आणि फांदीवर आपटला. शिक्रा उडाला. दगड बाहुकाने मारला होता. तो कोणाकडे न बघता पुन्हा खाली बसला.

चौथे, पाचवे आणि सहावे पिल्लू पाठोपाठ गेले. सैनिक उठू लागले. रोहकाने हात आडवा केला. "जरा थांबा."

मादी पुन्हा आली. सातव्यांदा. ती घरट्यात शिरली. आत ती बरीच हालचाल करीत असावी, कारण पान हलत होते. मग ती रिकाम्या तोंडाने बाहेर आली, मागच्या पायांवर उभी राहिली, इकडेतिकडे हुंगले, आणि निघून गेली.

"एखादं राहिलं होतं का?" अनुविंदाने विचारले.

"नाही, स्वामी. सहाच होती. तिला मोजता येत नाही, म्हणून सगळी नेल्यावर ती एकदा येऊन बघून जाते. सगळ्याच माद्या बघतात."

 कोठाराच्या दारात एक बाई आपले धान्य पदरात घेतल्यावरही परत वळून रिकाम्या मापात डोकावली होती, ते अनुविंदाला आठवले. तेव्हा त्याने तिला पुढे व्हायला सांगितले होते.

मग त्यांनी खणले. कोठारात इतर बिळांपेक्षा जास्त दाणे होते. चारोळ्या होत्या, बरटी होती, आणि त्यांत जवासारखे लांबट, फिकट दाणेही होते. रोहकाने त्यातला एक दाणा चावला. त्याने घरट्याचा गोळा दोन्ही हातांनी अलगद उचलला, मांडीवर ठेवला आणि थर सोडवू लागला. बाहेर गवत होते. आत पिल्लांच्या अंगाखाली बारीक चिरलेले, मऊ, अजून थोडे हिरवट राहिलेले तुसाचे अस्तर होते.

"स्वामी, हा वेळूचा फुलोरा आहे."

"असेल. मग?"

"वेळूला आयुष्यात एकदाच फुलोरा येतो. माझ्या बापाने एकदा पाहिला होता, मी पाहिलेला नाही. त्याचं बी भातासारखं शिजतं, बाप सांगायचा." रोहक भराभर बोलू लागला. त्या दिवसात पहिल्यांदाच. "दाणे गेल्या साली कुठून तरी आणून ठेवले असतील, असं म्हणता येईल. पण अस्तराचं तसं नाही. वीण जवळ आली की मादी घरट्याला नवं अस्तर लावते. पिल्लांचे डोळे मिटलेले होते, म्हणजे ती दहा दिवसांच्या आतली. तेव्हा हा फुलोरा पंधरा दिवसांपूर्वी झाडावर होता. आणि रानउंदीर घरापासून फार लांब जात नाही. दोन बाण सोडावेत इतकाच."

अनुविंदाने भोवताली पाहिले. दोन बाणांच्या अंतरात कुठेच वेळू नव्हता. होता तो फक्त उभा कडा.

"ती पिल्लं त्या भेगेत घेऊन गेली," बाहुक म्हणाला.

"होय. आणि अनोळखी जागी ती पिल्लं नेत नाही. ती वाट तिची रोजची आहे."

भेगेतून माणूस जाणे शक्य नव्हते. ते वळसा घालून, काटेरी झुडपांतून ओरखडे घेत कड्यावर चढले. पलीकडे एक खोल घळ होती. तिच्यात तळापासून काठापर्यंत वेळूची बेटे दाटली होती, आणि सगळी पिवळी पडली होती. लाकूडतोड्यांनी वरून ती पिवळी घळ पाहिली असणारच. पण दोन वर्षांच्या दुष्काळात पिवळ्या झाडांकडे कोण लक्ष देणार?

ते मुळ्यांना धरून खाली उतरले. जमिनीवर वेळूचे बी घोट्यापर्यंत साचले होते. रानकोंबड्या त्यात चरत होत्या आणि भर दिवसा उंदीर इकडून तिकडे पळत होते. बाहुकाने डोक्याचे फडके सोडून त्यात दोन्ही हातांनी दाणे भरले. गाठ मारताना त्याची बोटे नीट चालेनात, तेव्हा रोहकाने ती गाठ मारून दिली. "जा पुढे," अनुविंद बाहुकाला म्हणाला. "तुझ्या बापाला आधी खायला घाल."

त्या दिवसापासून पावसाळ्यापर्यंत शालवतीची माणसे सुपे आणि टोपल्या घेऊन त्या घळीत जात राहिली. भात जरा चिकट होई आणि मुलांना तो आवडत नसे, पण माणसे जगली. बाहुकाचा बापही जगला.

पाऊस पडल्यावर राजाने रोहकाला दरबारात बोलावले. तो म्हणाला, "जमिनीचा शब्द मी विसरलेलो नाही. पण बिळे रिकामी करायचे राहिले. आता लोकांच्या अंगात ताकद आहे, माणसे देतो. सगळी बिळे उपसून धान्य कोठारात आण, आणि जमीन घे. पुन्हा असा काळ आला तर आपण सावध असू."

"महाराज, अर्धं काढीन. नेहमी काढत आलोय तसं," रोहक म्हणाला. "सगळं माझ्याने होणार नाही."

"नदीकाठची जमीन आहे, रोहका."

"ऐकलंय महाराज. चांगली जमीन आहे ती. पण आमच्या कुळाने उंदरांच्या घरचं खाऊन पोरं वाढवली. त्यांना संपवून मी त्या जमिनीवर पीक काढलं, तर ते मला गोड लागणार नाही."

दरबारात कुजबुज झाली. तेव्हा अनुविंद उभा राहिला. त्याने कड्याखाली जे घडले ते सगळे सांगितले. आज्ञा राजाची असतानाही आपण कुदळ थांबवली, हेही सांगितले, आणि त्याबद्दल जी शिक्षा असेल ती मागितली.  राजाने बिळांची आज्ञा मागे घेतली. अनुविंदाला शिक्षा दिली नाही. जमीन मात्र अटीची होती, आणि अट पुरी झाली नव्हती, म्हणून ती दिली नाही.

रोहक रिकाम्या हाताने घरी आला. सामली दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "नदीकाठी डासच फार असतात म्हणे." मग तिने त्याच्यापुढे ताट ठेवले.

दरबारातून निघण्यापूर्वी रोहकाने अनुविंदाला एक गोष्ट सांगून ठेवली होती. वेळू आता मरेल. एवढे बी खाऊन रानउंदीर वाढले आहेत. मादी दोन महिन्यांची झाली की तिलाही पिल्ले होतात. पुढच्या हंगामात घळीत खायला उरले नाही की ते शेतांत उतरतील. तसेच झाले. अरण्यालगतची शेते अनुविंदाने आधीच लवकर कापून घ्यायला लावली होती, तरी बरेच पीक गेले. मंत्री म्हणू लागले की बिळे तेव्हाच उपसली असती तर हे झाले नसते, आणि अजून विष घालता येईल. अनुविंदाने रोहकाला विचारायला माणूस पाठवला. रोहकाने निरोप दिला, "घुबडं आलीत. कोल्हे, धामणी आल्यात. एवढे उंदीर रानाला पोसवतच नाहीत. आणखी एक पावसाळा थांबा."

मंत्र्यांची कुरकुर अनुविंदाने वर्षभर सोसली. त्यानंतरच्या वर्षी उंदीर पूर्वीइतकेच राहिले, आणि घळीत वेळूची नवी रोपे गुडघ्यापर्यंत आली. अनुविंद पुढे दर वैशाखात एकदा अरण्यात जाई, रोहकाबरोबर एखाद्या बिळापाशी दिवसभर बसे आणि काही न घेता परत येई.

ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे बुद्धत्व पावलेल्या भगवंतांनी, एका वर्षावासात, भिक्षूंच्या पावसाळी मुक्कामात, सांगितली. त्या दिवशी विहारात अन्न उशिरा आले होते आणि आजारी भिक्षूंना आधी वाढले जात होते. नीलक नावाचा तरुण भिक्षू चिडून पंगतीतून उठला होता, आणि वाढणाऱ्या वयोवृद्ध स्थविर वरुणाला टाकून बोलला होता. शास्ते त्याला रागावले नाहीत. त्याला जवळ बसवून त्यांनी ही हकिकत सांगितली, आणि शेवटी कोण कोण होते ते उलगडले. "त्या वेळचा राजा वीरदत्त म्हणजे आज हे अन्न पाठवणारा सावकार. सामली म्हणजे ते रांधून आणणारी त्याची मोलकरीण. अनुविंद म्हणजे हा स्थविर वरुण. बाहुक म्हणजे, नीलका, तू. आणि खणणारा रोहक मीच होतो."

नीलक मान खाली घालून ऐकत होता. त्याने विचारले, "भगवन्, आणि ती रानउंदरीण?"

"ती तुझी या जन्मीची आई," शास्ते म्हणाले.

नीलक उठला. त्याने स्थविराच्या हातातली पळी मागून घेतली आणि आजाऱ्यांच्या ओळीत वाढू लागला.

पोटात भूक असताना आणि हातात बळ असताना दुसऱ्यासाठी थांबणे, याला क्षांती म्हणतात. त्या जन्मी बोधिसत्त्वाने तीच पारमिता, बुद्धत्वाकडे नेणारा तो सद्गुण, आचरली.